अकरा ते दोन, पाऊस नाही

पावसानं हजेरी लावली, असं वर्तमानपत्रवाले लिहितात. ती हजेरी खरोखर घेणारा माणूस उभ्या खानदेशात मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे धुळ्याचे घरमालक. पाऊस किती पडला याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. किती पडला ते सरकारला कळतं, विहिरीला कळतं, छपरालाही कळतं. किती वाजता पडला हे मात्र कोणी विचारत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. एखाद्याच्या मुलाचं कौतुक करताना सगळ्यांनी वजन विचारावं आणि जन्मवेळ कोणीच विचारू नये, तसं त्यांना ते वाटायचं. त्यामुळे पावसाच्या जन्मवेळा टिपून ठेवायचं काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं होतं, आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्या कामाला वीस वर्षं होत आली होती.

ऐंशीनंतरची ही गोष्ट. मी मूळचा जळगावचा. धुळ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवायला लागलो आणि खोली शोधत हिंडू लागलो. धुळ्यात जुन्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे हिंडणं गणिताच्या मास्तरला सोपं गेलं. एका गल्लीत माडीवरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. घरमालकांना सगळी गल्ली आबा म्हणे. तहसील कचेरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, किडकिडीत बांध्याचे, डाव्या मनगटावर एक घड्याळ आणि सदऱ्याच्या खिशात दुसरं. दुसरं कशाला, असं मी पुढं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "पहिल्यावर लक्ष ठेवायला." घरमालक नव्या भाडेकरूला जे विचारतात त्यातलं आबांनी काहीच विचारलं नाही. लग्न झालंय का, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात, काही नाही. त्यांनी एकच विचारलं, "दुपारी चार ते सहा तुमच्या खोलीचं दार उघडं राहील ना?" मला वाटलं, चोरीमारीचा काही इतिहास असेल. नंतर उलगडा झाला. गच्चीचा जिना माझ्या खोलीतून होता आणि चार ते सहा ही आबांच्या मते पावसाची मुख्य कचेरीची वेळ होती.

त्या दाराचा पुरेपूर वापर झाला. मी दाढी करत असेन, वह्या तपासत असेन, पालथा पडून घोरत असेन. आभाळ वाजलं की ढग कुठून येतोय ते बघायला आबा घड्याळ हातात धरून माझ्या खोलीतून गच्चीकडे जात. बोलणं चालणं काही नाही. एकदा आईवडील जळगावहून मला बघायला आले. आई चहा गाळत होती आणि आबा बंद छत्री काखेत मारून खोलीत शिरले, दोघांना नमस्कार केला, "चार सत्तावीस" म्हणाले आणि जिना चढून गेले. आईनं मला हळूच विचारलं, "आपल्या परतीच्या गाडीची वेळ सांगून गेले का रे?" तिला बिचारीला वाटलं, घरमालक आम्हाला घालवायला निघालेत. वडिलांनी तर पिशवी आवरायला घेतली होती.

पाऊस सुरू झाला असं कधी म्हणायचं, याचेही आबांचे नियम होते. दारासमोर एक शहाबादी फरशी होती. तिच्यावर थेंब पडू लागले म्हणजे पाऊस आला असं आपण म्हणू. आबा म्हणत नसत. "ही चौकशी झाली. पाऊस विचारतोय, येऊ का म्हणून." फरशीवर रुपयाएवढीही कोरडी जागा उरली नाही की मग पाऊस आला. तेव्हा घड्याळ बघायचं. थांबला कधी हे ते लिहीतच नसत. जाणाऱ्याला वेळ विचारू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यात कडक नियम असा, की स्वतः पाहिलेला पाऊसच वहीत जाईल. कोणी येऊन सांगितलं, "आबा, मघाशी बसस्टँडकडे चांगली सर आली," तर आबा कौतुकानं ऐकून घेत आणि म्हणत, "असेल, असेल. पण ऐकीव पाऊस मी लिहीत नाही." बाहेरून आल्यावर अंगण ओलं दिसलं तरी तेच. "पडलेला दिसतो. पडताना पाहिला नाही." ज्या पावसाला वेळ नाही त्याला वहीत जागा नाही. कोर्टातसुद्धा साक्षीपुरावा याहून सैल चालत असेल.

या वेडाचं मूळ नोकरीत होतं. तहसील कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं यंत्र असतं, म्हणजे एक नळकांडं आणि आत बाटली. रोज सकाळी आठ वाजता ते उघडून साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा लिहून वर कळवायचा. हे काम आबांकडे होतं. आता मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता धो धो पाऊस झाला, तरी तो मोजला जाणार बुधवारी सकाळी आठला आणि लिहिला जाणार बुधवारच्या तारखेला. आबांना हे सहनच होत नसे. "मंगळवारचा पाऊस बुधवारच्या नावावर! उद्या तुमचा वाढदिवस असा सरकवला तर चालेल का?" त्यांनी एकदा साहेबांपुढे हा विषय काढला. साहेब हसून म्हणाले, "आबा, चारला पडला काय नि नवाला पडला काय, पिकाला काय फरक पडतो?" आबा म्हणाले, "पिकाला नसेल पडत साहेब. माणसाला पडतो." साहेबांनी पुढची फाईल ओढली. त्याच दिवशी आबांनी येताना दोनशे पानी वही आणली, आडव्या उभ्या रेघा मारल्या, आणि दिवसाच्या चोवीस तासांना चोवीस रकाने दिले.

त्या रकान्यांचे स्वभावही त्यांना पाठ होते. पहाटेचा पाऊस भिडस्त, कोणाला उठवत नाही. सकाळी नवाचा पाऊस शाळेच्या पोरांच्या बाजूचा. चारनंतरचा तापट, कारण दिवसभराची उष्णता डोक्यात गेलेली. रेडिओवर हवामान लागलं की आबा कान देऊन ऐकत आणि "काही ठिकाणी तुरळक सरी" ऐकून कपाळाला हात लावत. "काही ठिकाणी म्हणजे कुठं, ते राहू द्या. किती वाजता, एवढं तरी बोला!" संध्याकाळचा पाहुणा आणि संध्याकाळचा पाऊस मुक्काम केल्याशिवाय जात नाही, असं म्हणतात ना, ते मी एकदा त्यांना ऐकवलं. आबांनी तीन वह्या काढून तासभर पानं चाळली आणि म्हणाले, "पावसाचं तितकंसं खरं नाही. पाहुण्याचं आमच्या हिला विचारा."

"आमची ही" म्हणजे अक्का. आबा मनगटावरच्या काट्याबरोबर चालत आणि अक्का घरातल्या कामांबरोबर. दोघांची गाठ जेवणाच्या ताटावर पडे. अक्कांना घड्याळ कळत नव्हतं असं नाही, पण त्यांना त्याची गरज पडत नसे. बाहेर आबा मराठी बोलत, घरात दोघांचं अहिराणी चाले. आबा त्यांना मुलीच्या नावानं "लतानी माय" अशी हाक मारत, आणि त्या आबांना कशानंच हाक मारत नसत, नुसतं "अहो" म्हणत. लता ही त्यांची एकुलती एक मुलगी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, बापासारखीच किडकिडीत आणि आईसारखी कमी बोलणारी.

एवढं खरं, की गल्लीला आबांचा उपयोग होता. उन्हाळ्यात बायका ज्वारीच्या बिबड्या घालत, म्हणजे आमच्याकडचे मोठे पातळ पापड. गच्चीवर धोतरं अंथरून त्या वाळवायच्या. त्याआधी एखादी बाई दाराशी येऊन विचारी, "आबा, आज बिबड्या टाकू का?" आबा आभाळाकडे न बघता वहीकडे बघत. "टाक. पण साडेतीनला उचल." कोपऱ्यावर मारवाडी शेठजींचं किराणा दुकान होतं. त्यांची पोती ओट्यावर उघडी पडलेली असायची. आबा चारच्या सुमारास तिकडून गेले की शेठजी लगबगीनं पोती आत घेत. "आबासाब बोलले म्हणजे पक्कं," असं ते गिऱ्हाइकालाही सांगत. वळवाचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावरच येतो, हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. पण वहीतून आलेल्या गोष्टीला वजन येतं, त्याला कोण काय करणार!

त्या वजनात भर घालायचं पाप माझं. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी आबांच्या बावीस वर्षांच्या वह्या घेऊन बसलो आणि मोठ्या आलेखाच्या कागदावर दिवसाच्या तासांप्रमाणे पावसाचे खांब काढले. निळी शाई वापरली. चार ते सहाचे खांब असे उंच चढले, की कागद वरून जोडावा लागला. पहाटे बुटके बुटके खांब, सकाळी मध्यम, संध्याकाळनंतर उतरते. आणि अकरा ते दोन या तीन तासांत काही म्हणजे काही नाही. पांढरा स्वच्छ पट्टा. बावीस वर्षांत एक थेंब नाही. मी गणिताचा मास्तर, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. निसर्गात इतकी सरळ कापलेली कडा कुठं असते? पण मला आली नाही. मी उलट आबांना म्हणालो, "आबा, हा तर शोध आहे!" आबांनी कागद चौकटीत बसवून बैठकीत लावला आणि पांढऱ्या पट्ट्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "अकरा ते दोन, पाऊस नाही."

पुढच्या वर्षी लताचं लग्न ठरलं. मुलगा साक्रीचा, तिथंच शाळेत शिक्षक. त्याचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, बोलणी करायला आले. जूनचा पहिला पंधरवडा धरायचा, इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग नाना म्हणाले, "आमना घरमा बठ्ठा लगीन गोरजनाच व्हतस." म्हणजे त्यांच्याकडची सगळी लग्नं गोरजाची. गोरज म्हणजे गाई घरी परतायची वेळ, संध्याकाळचा मुहूर्त. आबा खुर्चीत ताठ झाले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गोरज! त्यांनी उठून भिंतीवरची चौकट काढली आणि नानांच्या मांडीवर ठेवली. नानांनी चष्मा लावून ती नीट न्याहाळली. खांब पाहिले, आकडे पाहिले, चौकट उलटी करून पाहिली, आणि आदरानं विचारलं, "हाई काय शे? पोरनी पत्रिका का?"

"पत्रिकाच," आबा म्हणाले, "पण पावसाची." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी नानांना पावसाचे स्वभाव समजावून सांगितले. बोलून बोलून नमवावेत असे नाना नव्हते, पण त्या जोडलेल्या कागदापुढं ते नमले. त्यांच्या भटजींना बारा वाजून दहाचा मुहूर्तही सापडला. मग आबांना इतका जोर चढला, की त्यांनी मंगल कार्यालयही नको म्हटलं. गल्लीतच मांडव घालू, वर नुसतं उन्हाचं कापड पुरे. "बाराला पाऊस नसतो, मग पत्र्याचं छप्पर कशाला?" स्वयंपाकघराच्या दाराशी अक्का उभ्या होत्या. "अहो, पण..." एवढं त्या म्हणाल्या. आबांनी हात वर केला, कारण ते त्या वेळी संध्याकाळच्या रकान्यावर आले होते. अक्का आत गेल्या.

दोन दिवसांनी लता माझ्या खोलीच्या दाराशी आली. मी घरात इतकी वर्षं होतो, पण ती आपण होऊन बोलायला आल्याचं मला आठवत नाही. म्हणाली, "सर, तुमचं आबा ऐकतील. कार्यालय घ्या म्हणावं. पाऊस आला तर आबा वहीत लिहून मोकळे होतील. मला मात्र साक्रीला जन्मभर ऐकावं लागेल." मी तिला आलेखाचा दाखला देऊन धीर दिला. आज ते आठवलं की कान गरम होतात. ती बिचारी मान हलवून गेली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आभाळ निळं होतं. आबा नव्या धोतरात, दोन्ही घड्याळं लावून, मांडवाच्या तोंडाशी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या, या, लख्ख आहे" म्हणत होते. साडेअकराला पश्चिमेकडून एक ढग आला. धुळ्याच्या पश्चिमेला साक्री, म्हणजे ढगसुद्धा वऱ्हाडाच्याच गावाहून निघाला होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "जाईल तो. चारला परत येईल." अकरा पन्नासला चौकशी सुरू झाली. मांडवाच्या कापडावर टपटप वाजू लागलं. वऱ्हाडी वर बघू लागले. नवरामुलगा पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, भटजींच्या पोथीवर पहिला थेंब पडला. मी लताकडे बघायचं टाळलं.

इतक्यात स्वयंपाकाच्या बाजूनं अक्का आल्या आणि त्यांनी कोपऱ्यावर बघून पदर हलवला. शेठजींच्या दुकानातून आठ हमाल निघाले. खांद्यावर ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या. शेठजींच्या मेहुण्याचा धरणगावला कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता, तिथं कापसाच्या गंजींवर टाकतात त्या ताडपत्र्या. मांडवाच्या बांबूंना जास्तीचे दोर बांधलेले मी सकाळीच पाहिले होते. मला वाटलं, दिव्यांच्या माळांसाठी असतील. हमालांनी दोर ओढले, आणि पाऊस खरोखर कोसळला तेव्हा सगळं वऱ्हाड ताडपत्रीखाली कोरडं होतं. आवाज मात्र असा, की मंगलाष्टकं कोणाला ऐकू येईनात. "सावधान" कधी झालं हे न कळल्यामुळे लोकांनी अंदाजानं अक्षता टाकल्या, आणि त्या शेवटपर्यंत पडत राहिल्या. कापसाचा वास, ओल्या मातीचा वास, जिलबीचा वास, सगळं एकत्र. लग्न लागलं.

आबा तेवढे बाहेर होते. दारासमोरच्या फरशीजवळ, पावसात. नवं धोतर पायांना चिकटलेलं, हातात घड्याळ. "अकरा छप्पन्न," ते म्हणत होते, कोणालाच नव्हे. अक्का डोक्यावर परात धरून त्यांना आणायला गेल्या. त्यांनी अक्कांकडे बघितलं आणि पाऊस आल्याची खबर द्यावी तसे म्हणाले, "पाणी उनं."

"हां, उनं," अक्का म्हणाल्या. "चला, कन्यादान शे."

जेवणाच्या पंगतीत नाना मोठ्यानं म्हणाले, "आबा, तुमनी पत्रिका चुकनी वाटस!" सगळी पंगत हसली. नाना काही वाईट मनानं म्हणाले नसतील, पण लताचा चेहरा मी पाहिला, आणि आबांनीही तो पाहिला. ते वाढत राहिले.

तिची पाठवणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेलो. आबा सगळ्या वह्यांच्या मध्ये बसले होते. एकही उघडलेली नव्हती. अक्का तांदूळ निवडत होत्या.

"लतानी माय, तुले कसं म्हाईत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"बाराना पाऊस काय नवा शे का? बावीस वरीस मी गच्चीवरथून कपडा उचलस. सरावनमा तर रोज उचलस."

"मंग मन्ही वहीमा कसा नही?"

"तुम्ही कचेरीमा त्या अंधारी खोलीमा ऱ्हातस." हे खरं होतं. जुन्या कागदपत्रांची ती दगडी खोली, एक खिडकी नाही. अकरा ते दोन आबांची बैठक तिथं असे आणि दोननंतर ते बाहेरच्या टेबलावर येत. "रईवारले जेवीसन झोपेल ऱ्हातस. आते तर रोजच झोपतस."

"पन पानीना आवाज?"

"मी खिडकी लाई देस ना. तुमनी झोप मोडाले नको."

आबांनी समोरची एक वही उघडली आणि परत मिटली. मग म्हणाले, "मंग माले सांगं का बरं नही?"

अक्का तांदळातून वर न बघता म्हणाल्या, "तुम्हीच म्हनतस, ऐकीव पाऊस लिखत नही."

मी भिंतीवरच्या माझ्या आलेखाकडे बघितलं. त्या पांढऱ्या पट्ट्यात पाऊस भरपूर होता. आबा तिथं नव्हते, एवढंच. आणि आम्ही दोघं शहाणे त्या रिकाम्या जागेला चौकट करून बसलो होतो. संध्याकाळी आबांनी ती चौकट उतरवली. नव्या वहीत त्यांनी एक पंचविसावा रकाना आखला. वर लिहिलं, "कोणी पाहिला." त्यात अक्का येऊ लागल्या, शेठजी आले, पोस्टमन आला, मीही आलो. दुपारची झोप आबांनी सोडली. जेवून ओट्यावर बसत, पेंगत, पण बसत.

आणि त्यांनी लतालाही कार्ड लिहिलं, की तिकडच्या पावसाच्या वेळा कळवत जा. लताची कार्डं येऊ लागली. मी खुशाल आहे, सगळे चांगले आहेत, आणि शेवटी पावसाच्या वेळा. पहाटे साडेचार. पहाटे पाच. रात्री जेवणं आटोपल्यावर. पुन्हा पहाटे पाच. आषाढभर हेच. एक दिवस आबा माझ्या खोलीत आले. आभाळ वाजलेलं नव्हतं, म्हणून मी चमकलो. त्यांनी पाच कार्डं माझ्या टेबलावर ओळीनं मांडली. म्हणाले, "सर, साक्री डोंगराकडे. आषाढात तिथं दिवसभर पाऊस असतो. हिच्या कार्डात बघा. पहाट आहे, रात्र आहे. मधला सगळा दिवस कोरा." मी म्हणालो, वेळ बघायची राहून जात असेल. आबा म्हणाले, "एकदा कोरी जागा वाचताना चुकलो. आता नाही चुकणार. पहाटे ती अंगण झाडते तेव्हा तिला आभाळ दिसतं. मग रात्रीपर्यंत दिसत नाही. पोर दिवसभर चुलीपुढं आहे. तिला कोणी बस म्हणत नाही." कार्डं गोळा करत म्हणाले, "माझ्या त्या बाराच्या मुहूर्तामुळे तर नसेल?"

तिथं जाऊन बघावं तर पहिल्याच वर्षी, न बोलावता, लेकीच्या सासरी बापानं जायचं कसं? आणि पत्रात विचारायचं तर कार्ड सगळं घर वाचणार. आबा दर सोमवारी एक कार्ड टाकत राहिले. मजकूर एकच. "दुपारच्या पावसाची वेळ कळवणे." आयुष्यभर पावसाशिवाय दुसरं काही न विचारलेल्या माणसाला मुलीला सुखाची आहेस का असं विचारायचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्याच्याकडे हे एवढेच शब्द होते. अक्कांना यातलं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. ती कशाला आणखी झुरायला, असं मला म्हणाले. श्रावण गेला. कार्डांत पहाट आणि रात्रच होती. आबा वेळा वहीत उतरवत आणि पेन बराच वेळ तसंच हातात धरून बसत.

पुढं माझी जळगावला बदली झाली. लता, नाना, साक्री यांची खबर काही वर्षं कळत राहिली, आणि आबा गेले तेही मला कार्डानंच कळलं. तेव्हा पोचलो नाही याची रुखरुख अजून आहे. पण आबा म्हटलं की मला भाद्रपदातला एक दिवस आठवतो. शाळेला सुट्टी होती, मी खाली ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो होतो. अक्का उंबऱ्यात भाजी निवडत होत्या. पोस्टमननं कार्ड दिलं. आबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे दिलं. नेहमीची खुशाली होती आणि खाली लिहिलं होतं, "काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. ओट्यावर बसून पाहिला. नाना शेजारी होते. घड्याळ त्यांनीच बघून सांगितलं आणि म्हणाले, तुझ्या आबांना नीट कळव, नाहीतर पुन्हा चुकतील."

"काय लिखं पोरनी?" अक्कांनी विचारलं.

"दोन वाजीसन दहा मिनिट," आबा म्हणाले. "दुपारना."

अक्कांच्या हातातली जुडी खाली पडली. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे बसाले भेटस तिले." आणि पदर तोंडाला लावून, आबांच्या देखत, माझ्याही देखत, रडू लागल्या. किती दिवस त्या एकट्याच त्या कार्डांतल्या वेळा मोजत होत्या, कोण जाणे.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. समोरच्या फरशीवर थेंब पडायला लागले होते. बघता बघता ती सगळी भिजली. गच्चीवर अक्कांची लुगडी वाळत होती, तीही भिजली असणार. आम्ही तिघंही जागचे उठलो नाही. आबांची दोन्ही घड्याळं अंगावर होती, पण त्या पावसाची वेळ काही त्यांनी बघितली नाही.